चिखल जितका दाट तितका चुरा लवकर वर येतो का?

तुम्ही विचारलंय की आटपाडीला तुमच्या रानात बोअर मारताना नुसत्या हवेनं भुकटी वर उडाली, मग तेलाच्या विहिरीत चिखल कशाला, आणि तो दाट केला की खडकाचा चुरा लवकर वर येतो का. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो: नेहमी नाही. हा गैरसमज मीही बरीच वर्षं बाळगला. मी तासगावचा, गुजरातमधल्या तेलविहिरींवर चिखल सांभाळायचं काम करायचो. तिथं त्याला सगळे मडच म्हणतात.

तुमच्या बोअरचा हिशेब साधा आहे. भोक साडेसहा इंची, आत साडेचार इंची रॉड, कॉम्प्रेसर 1100 सीएफएमचा, म्हणजे मिनिटाला 1100 घनफूट हवा देणारा धरला तर रॉडभोवतीच्या फटीतून हवा तोंडापाशी सेकंदाला पंचेचाळीसेक मीटरनं बाहेर पडते. हवेला वजन नावापुरतं, चिकटपणाही नावापुरता, सगळं काम वेगावर. वेग गेला की खडा खाली. आपल्याकडं हे चालतं, कारण मुरूम संपून काळा पाषाण लागला की भोकाच्या भिंती आपापल्या उभ्या राहतात. मध्येच तांबडा ओलसर थर आला की भुकटीचा लगदा होऊन रॉडला चिकटतो. मग गाडीवाला पाणी आणि फोम सोडतो. फेसाचे बुडबुडे खडा धरून ठेवतात, त्यामुळं कमी वेगातही तो वर येतो.

तेलविहिरीत खाली ढासळती शेल, म्हणजे मातीचा थरांचा खडक, सुटी वाळू आणि दाबाखालचा गॅस असतो. भिंतींना आणि त्या दाबाला तोलायला वजनदार द्रवच लागतो. पण पाइपमधून खाली सोडलेला हा द्रव बाहेरच्या फटीतून वर चढतो सेकंदाला साधारण अर्धा ते एक मीटर. चुरा त्यातून सतत खाली बसू बघतो. सांगलीकरांना हे समजवायला नको. 2019 च्या पुराचं पाणी वाहत होतं तोवर गाळ पाण्यात होता, घरात येऊन थांबलं तेव्हा तो फरशीवर बसला.

मडचं वजन वाढवलं की त्यात खडा हलका होतो, हे खरं. दगडाची घनता 2.6 च्या आसपास, मड 1.2 चं केलं की जवळजवळ निम्मा भार कमी. त्यासाठी बराइटची भुकटी घालतात, तिची घनता 4.2. पण चुऱ्यासाठी कुणी वजन वाढवत नाही. प्रमाणाबाहेर गेलं तर खालचा खडक फाटतो आणि मड आतच गडप होतं.

दाटपणाची खरी गंमत वेगळी आहे. चांगलं मड भिंतीच्या रंगासारखं हवं. ब्रश फिरतो तोवर पसरतं, हात थांबला की ओघळत नाही. बिटच्या, म्हणजे खडक फोडणाऱ्या टोकाच्या, बारीक तोंडातून जाताना पातळ, बाहेरच्या फटीत सावकाश चढताना दाट, आणि पंप बंद झाला की गोठल्यासारखं, म्हणजे चुरा आहे तिथंच टांगून राहतो. बेंटोनाइट ही फुगणारी माती आणि झँथन गम हा डिंक त्यासाठीच घालतात. गोठणं जास्त झालं तर पंप पुन्हा चालू करताना एवढा दाब लागतो की खडकच तडकतो.

आता तुमचा प्रश्न जिथं उलटा पडतो ती जागा. विहीर तिरकी झाली, तीस ते साठ अंशांत, की चुऱ्याला शंभर मीटर पडायची गरज उरत नाही, चार बोटं पडला की खालच्या बाजूला टेकला. तिरक्या नळीत गाळ लवकर बसतो हे बॉयकॉट नावाच्या डॉक्टरनं 1920 साली रक्ताच्या नळ्यांवर पाहिलं होतं. शिवाय हा थर एका जागी राहत नाही, पंप थांबला की दरडीसारखा खाली घसरतो. पाइप असतो खालच्या अंगाला टेकलेला. दाट मड सोपी वाट धरतं आणि पाइपच्या वरच्या मोकळ्या जागेतून निघून जातं. खालचा थर जसाच्या तसा. तिथं मड पातळ ठेवून खळाळतं वाहू द्यावं लागतं आणि पाइप जोरात फिरवावा लागतो, म्हणजे बसलेला चुरा उचलून प्रवाहात फेकला जातो.

आम्ही एकदा नेमकं उलटं केलं होतं. मार्श फनेल म्हणजे मडचा दाटपणा मोजायचं नरसाळं. त्यातून पाणी 26 सेकंदांत उतरतं, आमचं मड 65 सेकंदांवर नेलं. वर चाळणीवर चुरा कमी दिसायला लागला. भोक साफ झालं असं समजून पाइप ओढायला घेतला, तो अर्ध्यात अडकला. सोडवायला दोन दिवस गेले. चुरा कमी झाला नव्हता, तो खालीच साठत होता. साहेबांनी विचारलं तेव्हा मी फनेलचा आकडा दाखवला, ते मला अजून आठवतं.

तुमच्या पुढच्या बोअरला एवढं बघा. रॉडच्या टोकाचा खडक फोडणारा हातोडा दणदणतोय आणि भुकटी मात्र एकाएकी कमी झाली, तर गाडीवाल्याला तिथंच थांबवा. नवा रॉड जोडायच्या आधी नुसती हवा सोडून भोक साफ करायला सांगा. तो डिझेलचं नाव काढून कुरकुरेल, तरी सांगाच. हातोडा खाली अडकला तर त्याचं बिल कुणी भरायचं यावर रानातच भांडण होतं.