थेट ऑनलाइन मोबाइल विक्री : परत आलेल्या संचांचे काय?

स्वतःच्या संकेतस्थळावरून मोबाइल विकण्याचा आपला व्यवसाय चार महिन्यांतच परत आलेल्या खोक्यांखाली दबला, हे आपल्या पत्रात वाचून मला जुळे सोलापुरातील माझी गोदामवजा खोली आठवली. जाहिरात, भाव, जीएसटी हे आपण जाणताच. मला ज्याने बुडवले, तेवढेच लिहितो.

सदोष संच सात दिवसांत बदलून देऊ, असे मी संकेतस्थळावर छापले. मात्र तोच संच माझ्याकडून कोण परत घेणार, हे पुरवठादाराकडून लिहून घेतले नाही. बार्शीच्या एका ग्राहकाच्या संचाचा स्पीकर पहिल्याच दिवशी मुका निघाला. मी त्याला दुसरा दिला आणि पहिला घेऊन सेवा केंद्रात गेलो. बिल ग्राहकाच्या नावे आहे, त्यालाच आणा, असे उत्तर मिळाले. तो बिचारा रजा टाकून एसटीने आला, तर सिस्टिम बंद होती. आठव्या दिवशी सिस्टिम चालू झाली आणि कंपनीकडून संच बदलून मिळण्याची मुदत संपल्याचे कळले. तोवर आयएमईआय क्रमांकावर (प्रत्येक मोबाइलचा स्वतंत्र ओळख क्रमांक) वॉरंटी सुरू झालेली, पडद्यावर पुन्हा चिकटवलेल्या फिल्मखाली डोक्याचा केस अडकलेला. असा संच नवा म्हणून विकणार तरी कसा? असे अकरा संच माझ्या कपाटात राहिले आणि नफा त्यांतच गेला.

याबाबतीत मोठ्यांचीही फजिती झाली आहे. गुगलने ५ जानेवारी २०१० रोजी नेक्सस वन हा मोबाइल स्वतःच्या ऑनलाइन दुकानातून ५२९ डॉलरला विकायला काढला. ग्राहकाला तो आधी हाताळता येत नव्हता, तक्रारीसाठी सुरुवातीला फोनवर बोलायला माणूस नव्हता, आणि त्याच वर्षी मे महिन्यात ते दुकान बंद करण्याचे जाहीर झाले. भारतात २०१४ साली ऑनलाइन विक्रीने आलेल्या शाओमीनेही २०१७ मध्ये बंगळुरूत स्वतःचे प्रत्यक्ष दुकान थाटले.

आमच्या सोलापूरच्या नवी पेठेतला दुकानदार महाग विकतो, असे मीही म्हणत असे. पण तो समोर बसवून जुन्या मोबाइलमधले नंबर नव्यात घेऊन देतो, काच लावतो आणि बिघाड निघाला तर सेवा केंद्राशी स्वतः भांडतो. माझ्या मते त्याचे जास्तीचे पैसे या सेवेचेच असतात.

मी कायद्याचा जाणकार नाही, शिवाय प्रत्येक कंपनीचे नियम वेगळे असतात. तरीही पुढचा माल उचलण्यापूर्वी सदोष संच किती दिवसांत, कोणत्या कागदावर परत घेणार, हे पुरवठादाराच्या सही-शिक्क्यानिशी घ्या. तोवर घरपोच रोखीच्या, म्हणजे खोके हाती आल्यावर पैसे देण्याच्या, ऑर्डर घेणे बंद ठेवा. ग्राहकाने दारातूनच परत पाठवलेल्या खोक्याचेही कुरिअरचे दोन्ही वेळचे भाडे आपल्याच माथी बसते.