कोलॅबचा लोफर घ्यावा का? आधी बूट उलटा करून बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हाताने शिवलेल्या एका जुन्या पेनी लोफरची (बिननाडीचा, वरच्या पट्टीला खाच असलेला बूट) फॅशन डिझायनरने केलेली नवी आवृत्ती, म्हणजे कोलॅब, आलीय, किंमत नेहमीच्या जोडाच्या जवळपास दुप्पट. डिसेंबरच्या लग्नात मिरवून पुढे पुण्यात ऑफिसला वापरायचीय. घ्यावी का?

डिझायनरने नक्की काय बदललंय, यावर सगळं अवलंबून आहे. रंग, वरची पट्टी किंवा बक्कल बदललं असेल तर तो आवडीनिवडीचा भाग झाला, त्यात मी पडत नाही. गुच्चीने १९५३ मध्ये लोफरवर घोड्याच्या लगामाची कडी बसवली ती अशीच वरची करामत होती, आणि ती अजून चालते. पण हल्ली बऱ्याचदा सोलच बदलतात. खाली जाड, दातेरी रबर येतं, तेही नुसतं चिकटवलेलं. तिथे मी हात आखडता घेतो.

कारण अस्सल मोकॅसिन पद्धतीच्या लोफरचा जीव त्याच्या बांधणीत असतो. कातड्याचा एकच तुकडा तळपायाखालून झोळीसारखा वर येतो आणि बोटांवरचा वेगळा तुकडा त्याला फर्म्यावरच (पायाच्या आकाराच्या साच्यावर), आरीने भोकं पाडून, मेणाच्या दोऱ्याने हाताने शिवतात. शिवताना कातडं ओढून चुण्या सारख्या बसवाव्या लागतात, वेळ जातो तो तिथे. स्वस्त मालात कातडं नुसतं चिमटीत धरून वरून टीप मारलेली असते. दुकानात आत बोट घालून शिवणीखाली चाचपा, खऱ्या कामात दोन तुकड्यांचा सांधा हाताला लागतो. (आत अस्तर असेल तर एवढं स्पष्ट कळत नाही.)

अमेरिकेत जी. एच. बास या कंपनीने १९३६ मध्ये पेनी लोफर आणला, तो नॉर्वेतल्या शेतकऱ्यांच्या बुटावरून घेतलेला. म्हणजे 'क्लासिक' म्हणतो तोही मुळात कुणाच्या तरी रोजच्या वापरातल्या बुटाचा नवा अवतारच. म्हणून नव्या अवतारांना माझा सरसकट विरोध नाही. फक्त मूळ कारागिराचं नाव आणि पैसा दोन्ही कुठे जातं ते बघतो. २०२५ च्या जूनमध्ये इटलीच्या प्राडा या फॅशन कंपनीने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली, कोल्हापूरचं नाव न घेता. आपल्याकडे बोंबाबोंब झाली आणि डिसेंबरात महाराष्ट्र-कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला: सुमारे २,००० जोड इथे बनवायचे, किंमत ८०० युरोच्या आसपास. तुमच्या लोफरच्या वेबसाइटवरच्या पानावरही डिझायनरचं नाव मोठ्या अक्षरात असेल. बूट कुठल्या कारखान्यात शिवला ते लिहिलंय का बघा. नसेल तर विचारा, आणि उत्तर गुळमुळीत आलं तर दुप्पट पैसे मोजायचं कारण मला तरी दिसत नाही.

आता सोल. गुडइयर वेल्ट नावाच्या शिलाईत कडेने कातड्याची पट्टी शिवतात आणि सोल त्या पट्टीला शिवतात, त्यामुळे झिजल्यावर वरच्या भागाला धक्का न लावता बदलता येतो. ब्लेक नावाच्या दुसऱ्या शिलाईत टाका सोलमधून थेट आतल्या तळापर्यंत जातो. बूट हलका, लवचिक होतो, पण पाणी लवकर शिरतं आणि पुन्हा तसाच शिवायला खास मशीन लागतं. इथे दुरुस्तीला टाकायचा असेल तर हा फरक कामाला येतो. चांगला हात असलेला कारागीर जुन्या भोकांतून सोल शिवून देतो. साचेबंद रबराचा, दातेरी आणि चिकटवलेला सोल त्यालाही जमत नाही. तसाच सोल कुठून मिळणार?

कातडी सोल असेल तर घालायच्या आधीच पुढच्या अर्ध्या भागावर पातळ रबर चढवून घ्या. पावसाळ्यात तो घालूच नका. भिजलाच तर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली वाळवा. उन्हात किंवा हेअर ड्रायरने वाळवला तर कातडं तडकतं. जून ते सप्टेंबर बंद कपाटात बुरशी धरते, तेव्हा अधूनमधून बाहेर काढून कोरड्या फडक्याने पुसा.

माप संध्याकाळी घ्या, पाय थोडे सुजलेले असतात तेव्हा. लोफरला नाडी नाही, त्यामुळे सुरुवातीला तो घट्टच हवा. कातडं रुंदीला सैल होतं, लांबीला नाही. बोटं पुढे टेकत असतील तर 'वापरून होईल सैल' म्हणणाऱ्या विक्रेत्याचं ऐकू नका. आयुष्यभर चपला घातलेले आपले पाय पुढून रुंद असतात, म्हणून रुंदीचं माप वेगळं मिळतं का ते विचारा. कोलॅबच्या जोडात बहुधा एकच रुंदी असते, नेहमीच्या मॉडेलमध्ये एखाद वेळेस दोन-तीन मिळतात. तुमच्या जागी मी असतो तर नेहमीचंच घेतलं असतं आणि उरलेल्या पैशात लाकडी शू-ट्री (आकार टिकवायला बुटात घालून ठेवायचा साचा) आणि रबराचा अर्धा सोल.