गच्चीवर चढायच्या आधी रोटर खालूनच तपासा

प्रश्न : माझ्याकडे यासूचा जी-5500 रोटर (उपग्रहामागे अँटेना फिरवणारं यंत्र) आहे, पावसाळ्यानंतर पहिल्यांदा चालू केला तर अझिमथची (आडवी दिशा फिरवणारी) मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही, आणि एलेव्हेशन (वर-खाली होणारा भाग) फिरतं पण त्याची सुई मध्येच उड्या मारते. रोटर खाली उतरवू का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : नका उतरवू, एवढ्यात तर नकोच. मास्टवरून (अँटेनाच्या खांबावरून) रोटर काढणं हे सगळ्यात शेवटचं काम, आणि पावसाळ्यानंतरचे बहुतेक बिघाड रोटरमध्ये नसतातच, केबलच्या जॉइंटमध्ये किंवा कनेक्टरमध्ये असतात. आधी कंट्रोलरचा (खाली खोलीत असलेल्या, सुई आणि बटणं असलेल्या डब्याचा) प्लग भिंतीतून काढा, मग मागच्या केबली सोडवा आणि मल्टीमीटर घेऊन बसा. प्रत्येक केबलमध्ये सहा तारा असतात, तीन मोटरच्या आणि तीन आतल्या पॉटच्या, म्हणजे सुईला दिशा कळवणाऱ्या पोटेन्शियोमीटरच्या. मोटरची कॉमन तार धरून बाकी दोन तारांचं रेझिस्टन्स मोजा, काही ओहमच येईल पण दोन्हीकडे सारखं यायला हवं. एकीकडे ओपन (जोडणीच नाही असं) दाखवलं तर तार तुटलीय किंवा पिनवर हिरवा गंज चढलाय. दोन्ही सारखं आलं आणि तरी मोटर नुसतीच गुणगुणत असेल तर संशय कपॅसिटरवर घ्या, ही एसी मोटर आहे, दुसऱ्या वाइंडिंगला कपॅसिटरमधूनच करंट मिळतो, तो गेला की मोटरला जोर येत नाही. बरं हा कपॅसिटर खाली कंट्रोलरच्या डब्यात असतो, म्हणजे गच्चीवर जायचं कामच नाही. आणि मोटर एकाच बाजूला फिरत असेल, दुसरीकडे अजिबात नाही, तर लिमिट स्विच (टोकाला पोचल्यावर मोटर थांबवणारा) अडकलाय का किंवा कंट्रोलरचं पुढचं बटण खराब झालंय का ते बघा.

आता एलेव्हेशनची सुई. पॉटच्या दोन टोकांमध्ये साधारण 500 ओहम यायला हवेत आणि रोटर कुठेही असला तरी तो आकडा हलता कामा नये. मधली तार आणि एक टोक यांच्यातला आकडा मात्र रोटरच्या जागेप्रमाणे बदलतो. थोडं थोडं फिरवून, दर वेळी प्लग काढून मोजा. ठरावीक कोनावरच आकडा गायब होत असेल तर पॉटचा ट्रॅक मळलाय, तेव्हा मात्र उघडून काँटॅक्ट क्लीनर मारावा लागेल. कुठेही कसाही उडत असेल तर कनेक्टरच. साफ करून परत बसवताना रबराची सेल्फ बाँडिंग टेप गुंडाळा आणि केबलला खाली एक झोल द्या, पाणी तिथूनच टपकून जातं. हे मी दरवर्षी सांगतो आणि सांगतच राहणार.

प्रश्न : स्पेस स्टेशनचा पास (आपल्या आकाशातून जाणारी फेरी) चालू असतो, उत्तरेला आला की अँटेना उलटी पूर्ण चक्कर मारते आणि सिग्नल जातो. रोटर बिघडलाय का? आमच्या कॉलेजच्या ग्राउंड स्टेशनवर जीप्रेडिक्ट (उपग्रहाची जागा काढून रोटर फिरवणारं सॉफ्टवेअर) आहे. (विद्यार्थिनी, नाशिक)

उत्तर : रोटर एकदम ठणठणीत आहे. तुमचा स्टॉप (रोटर जिथे अडतो आणि पुढे फिरत नाही ती जागा) उत्तरेला आहे, त्यामुळे 359 वरून 1 अंशावर जायला अँटेनाला अख्खं वर्तुळ मागे यावं लागतं, त्यात मिनिटभराहून जास्त जातं, आणि पास असतोच मुळी दहा मिनिटांचा, त्यात उत्तर ओलांडताना बरेचदा स्टेशन सगळ्यात उंच म्हणजे सगळ्यात जवळ असतं, नेमका तोच भाग हातचा जातो! रोटर सेटिंगमध्ये एलेव्हेशनची कमाल मर्यादा 90 असेल तर 180 करा, म्हणजे असा पास आला की सॉफ्टवेअर अँटेना मागे पालथी टाकून फॉलो करेल. पण त्याआधी हाताने 180 पर्यंत नेऊन बघा, कोअ‍ॅक्स (अँटेनाची सिग्नल केबल) ताणली जातेय का, बूम (अँटेनाचा दांडा) गाय वायरला (खांब ताणून धरणाऱ्या तारेला) अडतोय का. शिवाय टॉलरन्स (किती फरक पडल्यावर रोटर हलवायचा ते) पाच अंश ठेवा. दोन मीटर बँडच्या छोट्या यागी अँटेनाचा बीम चाळीस-पन्नास अंश रुंद असतो, एकेका अंशासाठी मोटर सारखी चालू-बंद करून काहीच मिळत नाही, उलट ब्रेक आणि गिअर झिजतात.

प्रश्न : एसओ-50 या हौशी रेडिओच्या उपग्रहाला 145.850 मेगाहर्ट्झवर ट्रान्समिट केलं की सुई थरथरते आणि रोटर आपोआप भलतीकडे जातो. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : पॉटच्या तारांमध्ये आरएफ (तुमच्याच ट्रान्समीटरच्या रेडिओ लहरी) शिरतंय. खात्री करायची तर पॉवर एकदम कमी करून बघा, थरथर थांबली तर तेच. केबलच्या दोन्ही टोकांना फेराइट क्लिप (केबलवर बसणारी, आरएफ अडवणारी) लावा, रोटरची केबल कोअ‍ॅक्सला बांधून आणली असेल तर वेगळी करा, आणि कंट्रोलरपाशी पॉटच्या मधल्या तारेपासून ग्राउंडला 0.01 मायक्रोफॅरडचा डिस्क कपॅसिटर टाका. तो अगदी स्वस्त मिळतो, त्यामुळे कॉम्प्युटर आणि रोटर जोडणारा नवा इंटरफेस घ्यायच्या आधी हे करून बघाच.