'टेंपल ग्रँडिन' चित्रपटात औषधी हौदात गुरं बुडतात, तो प्रसंग खरा आहे का?

हो, मूळ घटना खरी आहे. अमेरिकी पशुशास्त्रज्ञ टेंपल ग्रँडिन यांच्या आयुष्यावरच्या २०१० च्या या एचबीओ चित्रपटात (मुख्य भूमिका क्लेअर डेन्स) ती बऱ्यापैकी नेमकी आली आहे.

ॲरिझोनात गुरांच्या अंगावरचे परजीवी मारण्यासाठी त्यांना औषधाच्या खोल हौदातून पोहत नेत. जुन्या हौदांत गुळगुळीत घसरगुंडी असे. पाय सुटला की जनावर बिथरायचं, उलटं पडायचं. ग्रँडिन यांनी साधारण २५ अंशांचा काँक्रीटचा उतार केला, त्यात खोल खाचा पाडल्या. उतार पाण्याखाली अचानक संपतो, पण औषधामुळे पाणी गढूळ असल्याने गुरांना तो तुटलेला कडा दिसत नाही. ती शांतपणे चालत जातात, पुढचं पाऊल टाकतात आणि पोहू लागतात.

गुरं आपणहून पाण्यात शिरतील यावर कामगारांचा विश्वास नव्हता. त्यांनी खाचांवर धातूचा पत्रा ठोकला, म्हणजे पुन्हा घसरगुंडीच केली! जनावरं बुडाली ती त्यामुळे. पत्रा काढल्यावर तीच रचना नीट चालली.

गुरांचं काम करणाऱ्यांनी हा प्रसंग जरूर पाहावा. गुरं बिचकली की काठी उगारण्याआधी पायाखालची जमीन तपासावी. अनेकदा दोष तिथेच असतो.