‘फॉरमॅट मार, नव्यासारखा होईल’

प्रश्न : स. न. वि. वि. माझा लॅपटॉप २०१४चा आहे. चौथ्या पिढीचा आय-३ प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क. घेतला तेव्हा विंडोज ८.१ होतं, पुढे फुकट मिळत होतं तेव्हा १० करून घेतलं. आता सुरू केल्यावर काम करण्याजोगा व्हायला दहा मिनिटं लागतात. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क सतत १०० टक्के दिसते. भाचा म्हणाला, ‘मावशी, फॉरमॅट मार, नव्यासारखा होईल.’ विंडोज १०चा पेन ड्राइव्हही त्यानेच करून दिला. पण डिस्क निवडायच्या पडद्यावर ‘जीपीटी पार्टिशन स्टाइल’ असं काहीतरी लिहून आलं आणि गाडी अडली. ‘सगळी पार्टिशन्स डिलीट कर’ असं तो फोनवर म्हणाला; माझा धीर झाला नाही. आजवरची सगळी भाषांतरं डी ड्राइव्हवर आहेत. त्यातली जुनी नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये आहेत. डी ड्राइव्ह वेगळा असतो ना? आणि विंडोज ११च टाकलं तर?

उत्तर : धीर झाला नाही तेच बरं झालं. सी आणि डी या तुमच्या एकाच डिस्कच्या, एकाच कपाटातल्या दोन फळ्या. ‘सगळी डिलीट’ म्हटलं की डीसुद्धा गेला. भाच्याला एवढं जरूर कळवा.

तो जीपीटीचा संदेश म्हणजे डिस्क खराब असल्याची खूण नव्हे. तुमची डिस्क नव्या, म्हणजे जीपीटी पद्धतीने मांडलेली आहे आणि पेन ड्राइव्ह जुन्या, म्हणजे लेगसी पद्धतीने सुरू झाला. लॅपटॉप चालू करताना बूट मेन्यू उघडा (कंपनीनुसार एफ१२, एफ९ किंवा एस्केप). तिथे तोच पेन ड्राइव्ह बहुधा दोनदा दिसेल. ज्याच्या आधी ‘यूईएफआय’ (लॅपटॉप सुरू करण्याची नवी पद्धत) लिहिलंय तो निवडा. एकदाच दिसत असेल, तर असे पेन ड्राइव्ह बनवणाऱ्या ‘रूफस’ सॉफ्टवेअरमध्ये ‘जीपीटी’ निवडून तो पुन्हा करून घ्या. एवढ्यासाठी लोक सबंध डिस्क पुसून मोकळे होतात.

पण मी तुमच्या जागी असते तर या डिस्कवर विंडोज टाकलंच नसतं. दहा मिनिटं आणि १०० टक्के, ही लक्षणं विंडोजपेक्षा डिस्कची जास्त वाटतात. फिरत्या तबकडीची डिस्क इतक्या वर्षांनी झिजते. वाचता न येणारा भाग ती पुन्हा पुन्हा वाचायला जाते आणि बाकी सगळं ताटकळतं. त्यावर कोरं विंडोज टाकलं की आठवडाभर बरं वाटतं, मग पहिले पाढे पंचावन्न. ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ हे फुकट सॉफ्टवेअर चालवून बघा. वर ‘गुड’ऐवजी ‘कॉशन’ आलं, किंवा ‘करंट पेंडिंग सेक्टर’च्या ओळीत शेवटच्या रकान्यात शून्याखेरीज काही दिसलं, तर इतर कामं सोडून आधी भाषांतरं बाहेरच्या डिस्कवर उतरवा.

‘गुड’ आलं तरी सल्ला तोच : अडीच इंची साटा एसएसडी (फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क) घ्या, जुनी डिस्क काढून तिच्या जागी ती बसवा आणि नवी सिस्टिम तिच्यावर टाका. जुनी डिस्क यूएसबी केसमध्ये (यूएसबीने जोडता येणाऱ्या डबीत) घाला, म्हणजे काहीही न पुसता तुमचा डी ड्राइव्ह जसाच्या तसा हाताशी राहील. मात्र डिस्क काढण्याआधी ती एन्क्रिप्टेड (कुलूपबंद) नाही ना ते सेटिंग्जमध्ये पाहा. असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की आधी लिहून ठेवा. रॅमची जागा रिकामी असेल तर आणखी ४ जीबीची पट्टी टाका. तुमच्या प्रोसेसरच्या पिढीला कमी व्होल्टेजची डीडीआर३एल लागते, नुसती डीडीआर३ नको.

विंडोज ११ तुमच्या मशीनला अधिकृतपणे चालत नाही. इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. आडवाटेने टाकता येतं, पण मी सुचवणार नाही. विंडोज १०चा मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. नाव नोंदवलं तर घरगुती वापरासाठी सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत. म्हणून टायपिंग, मेल आणि ब्राउझर एवढंच काम असेल तर माझं मत लिनक्स मिंट या विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत सिस्टिमला, त्यातही हलक्या एक्सएफसीई आवृत्तीला. इन्स्टॉल न करता पेन ड्राइव्हवरूनच चालवून बघता येतं. वाय-फाय, आवाज, टचपॅड आणि मराठी कीबोर्ड तपासा, पटलं तरच पुढे जा.

विंडोज १०च हवं असेल तर इन्स्टॉल करताना प्रॉडक्ट की विचारल्यावर ‘माझ्याकडे प्रॉडक्ट की नाही’ निवडा. पूर्वी होम होतं तर होमच टाका. मदरबोर्ड तोच असल्याने इंटरनेट जोडल्यावर ते आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होतं.

आता फॉन्ट. नॉन-युनिकोड फाइल त्या फॉन्टशिवाय उघडली की ‘मराठी’ऐवजी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. विंडोजच्या ‘फॉन्ट्स’ फोल्डरमधून ते फॉन्ट आजच वेगळे काढून ठेवा. त्यांचं टायपिंगचं सॉफ्टवेअर बहुधा विंडोजवरच चालतं, तेव्हा जुनं विंडोज सुरू आहे तोवर महत्त्वाच्या फाइल्स युनिकोडमध्ये (ठरावीक फॉन्टवर अडून न राहणाऱ्या पद्धतीत) बदलून घ्या. बदलल्यावर रफार आणि जोडाक्षरं नजरेखालून घाला. गफलत होते ती तिथेच.

प्रश्न : विंडोज नव्याने टाकलं, पण वाय-फायचं चिन्हच नाही. ड्रायव्हर (वाय-फाय चालवणारं सॉफ्टवेअर) इंटरनेटवर आणि इंटरनेट ड्रायव्हरशिवाय नाही!

उत्तर : फोन यूएसबी केबलने जोडा आणि फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा, म्हणजे फोनचं इंटरनेट लॅपटॉपला मिळेल. मग विंडोज अपडेट चालवा. बऱ्याचदा तेच ड्रायव्हर आणतं. नाही आणला तर लॅपटॉपच्या पोटावरचा मॉडेल क्रमांक पाहून कंपनीच्या साइटवरून घ्या. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर’ देणाऱ्या सॉफ्टवेअरच्या नादी लागू नका.

प्रश्न : सिस्टिम नव्याने टाकूनही लॅपटॉपची तारीख रोज मागे जाते आणि ब्राउझर म्हणतो, कनेक्शन सुरक्षित नाही.

उत्तर : सिस्टिमचा काही दोष नाही. मदरबोर्डवरचा घड्याळाचा सेल संपलाय. तारीख जुनी असली की साइटचं प्रमाणपत्र ब्राउझरला अजून लागूच न झालेलं वाटतं. बऱ्याच लॅपटॉपमध्ये हा सेल सीआर२०३२च असतो, पण दोन वायरी आणि छोट्या कनेक्टरसकट. त्यामुळे सुटा सेल आणण्याआधी झाकण उघडून बघा. बदलल्यावर बायोसमध्ये (लॅपटॉपच्या मूळ सेटिंग्जच्या पडद्यावर) तारीख लावा आणि बूटची सेटिंग्ज पूर्वीसारखी आहेत ना तेही तिथेच पाहून घ्या.