बारावी विज्ञानानंतर रेडिएशन थेरपिस्ट व्हावे का? घरच्यांना किरणांची भीती वाटते

तुम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातून बारावी विज्ञान झाला आहात, किरणोपचाराचे, म्हणजे किरणांनी कर्करोगावर उपचार करण्याचे, काम शिकावेसे वाटते, पण त्या किरणांनी तुम्हालाच आजार होईल अशी घरच्यांची समजूत आहे, असे तुम्ही लिहिले आहे. मी नागपुरात हेच काम करतो, म्हणून आधी त्या भीतीविषयी सांगतो.

लिनॅक, म्हणजे किरण देणारे यंत्र, सुरू असताना खोलीत एकटा रुग्ण असतो. आम्ही जाड काँक्रीटच्या भिंतीपलीकडे बसून कॅमेऱ्यातून त्याच्यावर लक्ष ठेवतो आणि दार उघडताच किरण आपोआप थांबतात. अंगावर किती किरण पडले हे मोजणारा छातीवरचा टीएलडी बॅज दर तीन महिन्यांनी तपासला जातो. आपल्याकडे कर्मचाऱ्यांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट (शरीरावर पडलेल्या किरणांचे माप) आणि कोणत्याही एका वर्षात 30 मिलिसिव्हर्ट अशी मर्यादा आहे. हे घरी शांतपणे समजावून सांगा.

खरी कसोटी वेगळीच आहे. किरणांची मात्रा डॉक्टर ठरवतात, योजना वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ आखतात. आम्ही रुग्णाला रोज अगदी त्याच स्थितीत निजवून ती मात्रा देतो. आपल्या भागात खर्ऱ्यामुळे, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणामुळे, तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण फार येतात. त्यांच्या चेहऱ्यावर गरम पाण्यात मऊ केलेल्या प्लास्टिकच्या जाळीचा साचा बसवून आठवड्यातून पाच दिवस, बहुधा रोज 2 ग्रे (किरणांच्या मात्रेचे एकक), असे सहा-सात आठवडे उपचार चालतात. मध्यावर तोंड सोलून निघते, घास गिळवत नाही, त्यातच कापूस वेचणीचे दिवस असले की माणूस गावी परतायचे म्हणतो. आणि मध्ये खंड पडला तर उपचाराचा परिणाम घटतो. त्याला रोज भेटणारे आपणच असल्यामुळे ही चाहूल बहुतेक वेळा आपल्यालाच आधी लागते. अशा वेळी त्याच्या बोलीत बोलणारा, वेचणी बुडणे म्हणजे काय हे जाणणारा माणूस तिथे असावा, असे मला मनापासून वाटते, आणि तुम्ही यावे असे म्हणण्याचे माझे कारणही तेच आहे.

मात्र ही यंत्रे तालुक्याच्या गावी सहसा नसतात. नागपूर, सेवाग्राम किंवा त्याहून दूर राहण्याची तयारी ठेवावी लागेल.

प्रवेश घेताना अभ्यासक्रम रेडिओथेरपी तंत्रज्ञानाचाच आहे ना, हे नीट पाहा, कारण एक्स-रे तंत्रज्ञाच्या पदविकेवर हे काम मिळत नाही. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या पात्रतेच्या अटींत तो बसतो का आणि संस्थेच्या रुग्णालयात स्वतःचे यंत्र चालू आहे का, हेही शुल्क भरण्याआधी विचारा.