उंदरांच्या धमन्या आणि जिमवाला मुलगा

प्रश्न : मुलाने जिमसाठी भात-पोळी सोडली. रोज आठ अंडी, दोन स्कूप व्हे पावडर. जास्त प्रोटीनने उंदरांच्या धमन्या तुंबल्या म्हणे. खरं का? – एक आई, सांगली

उत्तर : खरं आहे, ताई. 2009मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी उंदरांना 12 आठवडे 45 टक्के प्रथिनं आणि जेमतेम 12 टक्के कर्बोदकं दिली. तेवढीच चरबी असलेल्या पाश्चात्त्य आहारावरच्या उंदरांपेक्षा यांच्या धमन्यांत जास्त थर साचला. गंमत म्हणजे कोलेस्टेरॉल दोन्हीकडे सारखंच! रक्तवाहिन्यांची डागडुजी करणाऱ्या पेशी मात्र घटलेल्या. अर्थात, ते उंदीर धमन्या लवकर तुंबाव्यात असे जनुक बदलून घडवलेले. तुमचा लेक तसा नाही. अंड्यांवर माझा राग नाही, मीही दोन खातो. पण भाकरी-उसळ त्याच्या ताटात परत येऊ द्या.